शेवटचा हात

21 मे 2018 रोजी 'तारिणी' गोव्याला परतली. 55 फूट लांबीची शिडाची होडी, 254 दिवस, सुमारे 21,600 सागरी मैल आणि होडीवर भारतीय नौदलाच्या सहा अधिकारी. सहाही महिला. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. यांतल्या ऐश्वर्या हैदराबादच्या. त्यामुळे त्याच शहरातल्या काचीगुड्यात आम्हाला ती बातमी घरची वाटली.

कौतुक झालं ते व्हायलाच हवं होतं. केप हॉर्नला वळसा घालणं हे भल्याभल्या दर्यावर्दींचं स्वप्न असतं आणि या सहा जणींनी ते जानेवारी 2018मध्ये केलं. पण त्या पृथ्वीप्रदक्षिणेत आणखी एक गोष्ट सतत कसाला लागत होती. ती म्हणजे होडीचं अंग. दक्षिण महासागराची लाट रात्रंदिवस ज्या पृष्ठभागावर आदळत होती, तो पृष्ठभाग कुणीतरी महिनोन्महिने घासून, भरून, पुन्हा घासून तयार केलेला होता. त्या घासणाऱ्या हातांबद्दल आपण जवळजवळ काहीच लिहीत नाही. या लेखात मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

काचीगुडा आणि समुद्र यांचा तसा संबंध नाही. जवळचा किनारा बंगालच्या उपसागराचा, तोही तीनशेच्या आसपास किलोमीटरवर. इथलं येणंजाणं रुळांवरचं. सातव्या निजामाच्या काळात, 1916मध्ये उभं राहिलेलं घुमट-मिनारांचं स्टेशन ही या वस्तीची खूण. मराठवाड्यातून शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला आलेली कितीतरी कुटुंबं याच स्टेशनावर उतरली आणि आसपासच्या गल्ल्यांत स्थिरावली. या गल्ल्यांमधल्या जुन्या सागवानी दारांना अजूनही लाखेचं पॉलिश करून घेणारी घरं आहेत. दसरा-दिवाळीच्या आधी मिस्त्री येतो, दार बिजागऱ्यांतून काढून आडवं ठेवतो आणि पहिले दोन दिवस नुसतं घासतो. घरातल्यांना वाटतं, काम अजून सुरूच झालेलं नाही. खरं काम तेव्हाच चाललेलं असतं. होडी असो, दार असो, नाही तर लाटेवर स्वार होण्याची फळी असो, या कामाचा धर्म एकच आहे.

दिवाडीची शेड

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना रायबंदरला फेरीबोट धरायची आणि मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरायचं. या बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये आधी 'म्हादई' आणि मग 'तारिणी' बांधली गेली. 'म्हादई' फेब्रुवारी 2009मध्ये नौदलात आली. भारतीयाने एकट्याने, शिडाच्या होडीतून पृथ्वीला वळसा घालावा हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून त्यांनी तो धरून ठेवला. कमांडर दिलीप दोंदे यांनी तो 2009-10मध्ये, वाटेत मोजके थांबे घेत, पुरा केला. पुढे 2012-13मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून एकटे आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. डच आराखडा, गोव्यातली बांधणी आणि दोंदे यांच्यासारखा मराठी खलाशी असा तो योग होता.

या होड्यांचं अंग लाकूड आणि काचेचं. आत रेड सीडार लाकडाच्या अरुंद पट्ट्या, सांध्याला सांधा भिडवून चिकटवलेल्या. त्यांच्या आतून आणि बाहेरून रेझिनमध्ये भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड. रेझिन वाळलं की लाकूड आणि काच एकजीव होतात. वजन कमी, ताकद भरपूर. पण साच्याशिवाय बांधलेल्या अशा होडीचं अंग पहिल्या दिवशी गुळगुळीत नसतं. पट्टीगणिक बारीक कंगोरे, कापडाच्या जोडावर उंचवटे, कुठे रेझिन जास्त साचलेलं, कुठे कमी. इथून घासकाम सुरू होतं आणि अनेकदा बांधणीतला सगळ्यात लांबलेला टप्पा तोच ठरतो.

या कामात दोन वेगळ्या गोष्टी साधायच्या असतात. पहिली, वक्र सलग करणं. दुसरी, पृष्ठभाग गुळगुळीत करणं. नवख्याला या दोन्ही एकच वाटतात. काचेसारख्या चकचकीत होडीच्या अंगावर हातभर लांबीचा उथळ खळगा असू शकतो. बोटाला तो कळत नाही, पण पाण्याला कळतो आणि तिरप्या उजेडात लगेच दिसतो. म्हणून छोट्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून भागत नाही. लांब, लवचिक फळीला दोन्ही टोकांना मुठी बसवतात, फळीच्या पोटाला जाड पॉलिश पेपर चिकटवतात आणि दोघे जण मिळून ती तिरक्या रेषेत ओढतात, आधी एका दिशेने, मग तिला छेद देत दुसऱ्या. फळी उंचवट्यावर घासते, खळग्यावरून तरंगत जाते. खळगा कुठे राहिला हे कळावं म्हणून घासण्याआधी सगळ्या अंगावर पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवतात किंवा गडद भुकटी पुसून घेतात. घासल्यावर जिथे रेघ शिल्लक राहिली तिथे खळगा. तिथे रेझिनमध्ये अतिसूक्ष्म पोकळ गोळ्या कालवून केलेली हलकी लांबी भरायची, वाळू द्यायची आणि पुन्हा फळी ओढायची. असं किती वेळा? रेघा सगळीकडे सारख्याच मिटेपर्यंत.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत इपॉक्सी वाळताना आणखी एक अडचण येते. त्याच्या पृष्ठभागावर मेणचट, हाताला किंचित बुळबुळीत लागणारा थर येतो. तो तसाच ठेवून घासायला घेतलं तर पॉलिश पेपर चिकटून बसतो आणि मेणचटपणा आत चोळला जातो. वरचा थर मग पुढे कधीतरी पापुद्र्यासारखा सुटतो. उपाय अगदी साधा: आधी स्वच्छ पाणी आणि खरबरीत घासणी घेऊन अंग धुवायचं, वाळवायचं आणि मगच पॉलिश पेपर हातात घ्यायचा. हजारो रुपयांच्या रेझिनचं भवितव्य बादलीभर पाण्यावर ठरतं, हे अनुभवी कारागीर जाणून असतो.

सहा फुटांची फळी

हेच काम छोट्या आकारात आणि अधिक नाजूकपणे पाहायचं असेल तर सर्फबोर्ड पाहावा. भारतात सर्फिंगचा संघटित वावर तसा अलीकडचा. कर्नाटकातल्या मुल्कीला 'मंत्रा सर्फ क्लब' 2004मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय महासंघ 2011मध्ये आला आणि ऑगस्ट 2025मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी कांस्यपदक मिळवलं. गोव्यात अश्वे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यांवर आता फळ्या भाड्याने मिळतात. भाड्याच्या फळ्या खडकाला घासतात, एकमेकींवर आपटतात, उन्हात तडकतात. म्हणजे दुरुस्ती आली आणि दुरुस्तीचा निम्मा भाग घासण्याचा.

सर्फबोर्डचा गाभा फोमचा असतो. मधोमध लाकडाची पातळ पट्टी उभी चिकटवलेली, कणा म्हणून. रंध्याने आणि जाळीने फोमला आकार दिला की त्यावर काचेचं कापड अंथरून रेझिन ओततात आणि रबरी पट्टीने जादा रेझिन ओढून काढतात. ही सगळी बांधणी झाल्यावर सहा फुटांची फळी जेमतेम अडीच-तीन किलो भरते. त्यात काचेच्या कापडाचा थर इतका पातळ की पॉलिश पेपरची एक चुकीची फेरी त्याला पार करून जाते.

म्हणून कापडावर आणखी एक रेझिनचा थर चढवतात, केवळ घासण्यासाठी. यातलं रसायन समजून घेण्यासारखं आहे. पॉलिएस्टर रेझिनचा हवेला लागलेला पृष्ठभाग पुरता वाळत नाही, चिकट राहतो. कापड बसवताना ते सोयीचंच असतं, कारण पुढचा थर त्याला घट्ट धरतो. पण चिकट पृष्ठभाग घासता येत नाही. त्यामुळे घासायच्या थरातल्या रेझिनमध्ये थोडं मेण मिसळलेलं असतं. रेझिन तापून घट्ट होऊ लागलं की मेण वर येतं, हवेला आडवं होतं आणि खालचा थर कडक वाळतो. हार्डनरचं प्रमाण हवामान पाहून ठरवावं लागतं. साखरेच्या पाकासारखंच आहे हे: वेळ टळली की टळली, मग कितीही हलवा. हार्डनर जास्त झाला तर रेझिन तापून तडकतं, कमी झाला तर दिवसभर ओलसर राहतं.

मग घासणं. आधी मऊ गादी लावलेलं फिरतं मशीन आणि 80 नंबरचा पेपर. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. 80नंतर 120, मग 220. प्रत्येक पेपरचं काम एकच: आधीच्या पेपरने पाडलेले ओरखडे काढून त्याहून बारीक ओरखडे पाडणं. मधला नंबर गाळला तर वेळ वाचत नाही, कारण 80चे खोल ओरखडे 400च्या पेपरने निघत नाहीत. वरवर चमक येते आणि उन्हात नेताच ते खोल ओरखडे वर येतात. घासणारा तरबेज असेल तर प्रत्येक नंबराला दिशा बदलतो, म्हणजे आधीच्या ओरखड्यांपैकी एकही उरला तर तो आडवा उठून दिसतो.

मशीन एका जागी क्षणभरही थांबवायचं नाही. फळीच्या कडांवर तर ते न्यायचंच नाही, कारण वक्र कडेवर सगळा दाब एका रेषेत येतो. तिथे पेपर हातात धरून, बोटांच्या पेरांनी, कडेच्या गोलाईबरोबर वळत घासावं लागतं. पापणी लवते तेवढ्यात रेझिन संपून खालच्या कापडाची वीण पांढुरकी दिसू लागते. वीण दिसली म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट मिळाली. फोमने पाणी प्यायलं की फळी जड होते, पिवळी पडते, आतून सुटते. म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात की थोडं कमी घासलं तर उद्या घासता येतं.

आकारही इथेच बिघडतो किंवा सावरतो. फळीच्या पुढच्या कडा गोल हव्यात, म्हणजे पाणी त्यांना बिलगून वर येतं आणि फळी लाटेला धरून राहते. शेपटाकडची खालची कड मात्र धारदार हवी, म्हणजे पाणी तिथून स्वच्छ सुटतं आणि वेग राहतो. घासणाऱ्याने भरात येऊन ती धार गोल केली तर आकार देणाऱ्याचं सगळं कसब वाया गेलं. त्यामुळे फळीला आकार देणारे नामवंत कारागीर घासणाऱ्या माणसाची निवड फार पारखून करतात.

फळी तपासायची रीतही पाहण्यासारखी आहे. आकार देण्याच्या खोलीच्या भिंती गडद रंगाच्या असतात आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर लांब ट्यूबलाइट बसवलेल्या. छतावरचा दिवा बंद. फळी मधल्या घोडीवर. बाजूने येणारा आडवा उजेड प्रत्येक उंचवट्यामागे सावली टाकतो, आणि सावली वाकडी पडली तर वक्रही वाकडा. त्यानंतर हात. पंजा पूर्ण पसरून, बोटं जुळवून, पाण्याच्या दिशेने नाकापासून शेपटापर्यंत सावकाश फिरवायचा. कित्येक जण त्या वेळी डोळे मिटून घेतात. होडी घासणारे तळहाताखाली पातळ कापड धरतात, कारण कापड त्वचेवर सरकतं आणि एरवी न जाणवणारा खळगाही हाताला सांगून जातं.

शेवटी प्रश्न उरतो चमक आणायची की नाही. चमकवायचं तर रेझिनचा आणखी एक पातळ थर, मग पाण्यात भिजवलेला 400, 600, 800, 1000 नंबरचा पेपर, मग कंपाउंड, मग लोकरी गादी. भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर अमेरिकेत 1921मध्ये बाजारात आला आणि मोटारींच्या रंगकामाचं रूपच बदललं. पाणी धूळ वाहून नेतं, पेपर चोंदत नाही, पृष्ठभाग तापत नाही. पण चमकदार थर वजनही वाढवतो. त्यामुळे स्पर्धेत उतरणारे बरेच सर्फर फळी नुसती घासलेलीच ठेवतात, मंद, दुधाळ अंगाची. पाण्याला आरशाची हौस नसते, त्याला सलग वक्र हवा असतो. सर्फिंगच्या वेगात एक खळगा जेवढा नडतो तेवढी चमकेची उणीव नडत नाही.

प्रवाळ, दगड आणि खोबरेल

पेपर नव्हता तेव्हाही घासकाम होतं. हवाई बेटांवरच्या जुन्या कारागिरांनी कोआ किंवा विलिविली लाकडाची फळी तासून झाली की खरबरीत प्रवाळाने ती घासली, मग बारीक कणांच्या दगडाने. त्यानंतर मुळांच्या रसाने आणि जाळलेल्या कुकुई बियांच्या काजळीने काळसर रंग चढवला आणि वर कुकुईचं तेल जिरवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेलेल्या मिशनऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे: लाटांवरून परतल्यावर लोक फळी उन्हात वाळवत, तिला खोबरेल चोळत आणि झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवत.

ही रीत कोकणी माणसाला परकी वाटणार नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या लाकडी होड्याही पावसाळ्यात ओढून वर घेतल्या जातात, त्यांच्यावरची शेवाळ आणि शिंपल्यांची खपली खरवडली जाते आणि अंगाला तेल, राळ दिली जाते. साधनं बदलली, पण क्रम तोच राहिला: आधी खरवडणं, मग घासणं, मग पाजणं. आणि दरवर्षी नव्याने. पाण्याशी रोजचं नातं असलेल्या वस्तूचं पूर्ण झालेलं काम कायमचं पूर्ण होत नाही.

हुसेनसागरावरचा नियम

आमच्या शहरात समुद्र नाही, पण हुसेनसागर आहे. कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात हुसेन शाह वली यांनी बांधून घेतलेला हा तलाव आज शिडाच्या होड्यांचं देशातलं एक मोठं केंद्र आहे. लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशनच्या पुढाकाराने दर पावसाळ्यात इथे हैदराबाद सेलिंग वीक भरतो. यॉट क्लब ऑफ हैदराबादमध्ये सामान्य घरांतली मुलं 'ऑप्टिमिस्ट' होडीवर शिकतात. ही होडी 1947मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखली. मुळात प्लायवूडची, आता फायबरची, सुमारे 35 किलो वजनाची. काठावर ओढताना तिच्या तळाला ओरखडे पडतात. ते भरून, 400-600च्या ओल्या पेपरने लांबीच्या दिशेने घासून, पॉलिश करून ती पुन्हा पाण्यात जाते.

इथे घासकामाला कायद्याची चौकटही आहे. 'लेझर' वर्गाच्या होड्या जगभर अगदी सारख्या असाव्यात अशी अट असते, म्हणजे शर्यत माणसा-माणसांत व्हावी, पैशा-पैशांत नव्हे. म्हणून त्या वर्गाच्या नियमात लिहिलं आहे की वजन कमी करण्यासाठी किंवा वेग, आकार, पृष्ठभाग मुळापेक्षा सरस करण्यासाठी होडी घासता येणार नाही. पॉलिश करा, ओरखडा भरा, पण मूळ होतं त्याच्या पुढे जाऊ नका. पॉलिश पेपरच्या काही फेऱ्यांनी शर्यतीचा निकाल हलू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे मान्य करणारा दुसरा दस्तऐवज मला माहीत नाही. घासणाऱ्याच्या हाताला याहून मोठी पावती कोणती?

लाखेचा थर आणि अजिंठ्याचं जहाज

आता पुन्हा काचीगुड्याकडे. मीटरगेजच्या काळात इथून मनमाडला अजिंठा एक्स्प्रेस जायची. नावाला कारण होतं. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात होती आणि 1914मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याकडे त्यांची देखभाल होती. खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे खंड पुढे 1930 ते 1955 या काळात प्रसिद्ध केले. त्याआधी, 1920 ते 1922 या दरम्यान, निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओरसिनी या दोन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीवरून सुटू लागलेला गिलावा त्यांनी सावरला, रंगाचे पापुद्रे बसवले. ते काम मोलाचं होतं. पण चित्रं पक्की राहावीत म्हणून त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा थर वर दिला. वर्षं गेली तसा तो थर पिवळा पडला, काळवंडला, त्याने धूळ धरली आणि चित्रांचे मूळ रंग झाकले गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षं तो थर काळजीपूर्वक उतरवत बसावं लागलं.

लाख तीच, जी आमच्या दारांना लागते. चपडा लाखेचे पातळ, मधाळ पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचे, कपड्यातून गाळायचे. कापसाची पुरचुंडी मऊ सुती फडक्यात बांधून ती त्या द्रावात बुडवायची, तळाला तेलाचं बोट लावायचं आणि दारावर गोल-गोल फिरवत न्यायची. थर इतका पातळ की काही मिनिटांत वाळतो. असे कितीतरी थर. दारावर लाख शोभते, कारण दार पुन्हा घासता येतं. पिवळं पडलं, डाग पडला, तर मिस्त्री स्पिरिटने ती उतरवतो आणि नव्याने चढवतो. चित्राला घासता येत नाही. शेवटचा थर देण्याआधी तो उद्या उतरवता येईल का हे विचारायला हवं, हा धडा अजिंठ्याने या कामाला दिला आहे.

याच लेण्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचं चित्र आहे, उंच शिडांचं. त्या चित्रावरून पाचव्या शतकातलं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा ते काम कुठे गेलं? दिवाडीला, रत्नाकर दांडेकर यांच्याच होडी इनोव्हेशन्स या कंपनीकडे. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै 2023मध्ये करार झाला. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्याबरोबरच्या कारागिरांनी लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरांनी एकमेकींना शिवल्या, खिळे न वापरता. सांधे नारळाच्या काथ्याने आणि नैसर्गिक राळेने बुजवले. पाण्यातलं वागणं आधी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर तपासून घेतलं. मे 2025मध्ये कारवारला 'कौंडिण्य' नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं.

एकाच माणसाच्या हाताखाली काचेच्या कापडाची 'तारिणी' आणि काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' तयार व्हावं, याला मी फार महत्त्व देतो. एकीकडे रेझिन, दुसरीकडे राळ. एकीकडे पोकळ गोळ्यांची लांबी, दुसरीकडे काथ्याचं बुजवण. पण दोन्हीकडे पाणी आत येणार की नाही हे अखेरच्या काही आठवड्यांतल्या चिकाटीवरच ठरलं.

धूळ

या कामाची एक बाजू मात्र मनाला टोचते. फायबर घासणाऱ्याच्या अंगाला दिवसभर खाज सुटते. काचेचे बारीक तुकडे मनगटात, गळ्याशी, बनियनच्या शिवणीत रुतून बसतात. पॉलिएस्टर रेझिनमधून सुटणाऱ्या स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018मध्ये 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. लाकडाचा भुसा तर त्याआधीपासून निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत आहे. पश्चिमी रेड सीडारच्या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लाने सुतारांना दमा जडतो, हेही वैद्यकशास्त्राला जुनं आहे. अमेरिकेतल्या सर्फबोर्ड कारखान्यांमध्ये आज धूळ ओढणारी मशीन आणि तोंडावर घट्ट बसणारे मास्क ही रोजची गोष्ट आहे. आपल्याकडे दार घासणारा मिस्त्री आणि मोटारीचा बंपर घासणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधतो. रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

पैशाचंही तसंच. कोणत्याही बांधकामाची तारीख पुढे सरकली की कात्री शेवटच्या कामाला लागते. सांगाडा, जोडकाम, रंग यांचे दिवस कुणी कमी करत नाही, घासण्याचे करतात. कारण घासून काही वाढलेलं दिसत नाही, उलट कमीच होतं. जमिनीवर उरते ती धूळ. घासकामाचा नीट हिशेब न झालेली वस्तू पहिल्या वर्षी छान दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात सांध्याशी उकलते, तेव्हा दोष रंगाला दिला जातो.

म्हणून या दिवाळीत दाराला, कपाटाला, होडीला पॉलिश करून घेणाऱ्या प्रत्येकाकडे माझं मागणं आहे. दर ठरवताना घासण्याचे दिवस वेगळे मोजा आणि त्यांचे पैसे वेगळे द्या. धूळ अडवणारा चांगला मास्क आपल्या खर्चाने आणून मिस्त्रीच्या हातात ठेवा आणि काम उघड्यावर, वाऱ्याच्या जागी करू द्या. हवा दमट असेल आणि तो आज थांबू या म्हणाला तर थांबा. ओलाव्यात चढवलेली लाख पांढरी पडते, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि होडी पाण्यात सोडताना आराखडाकार, बांधणारे आणि पाहुणे यांची नावं ज्या पाटीवर लिहिली जातात, तिच्यावर अंग घासणाऱ्यांचीही नावं लिहा. समुद्र सगळ्यात आधी त्यांच्याच कामाला भिडतो.